उत्तर भिंतीवरची पाटी

आमच्या चर्चच्या उत्तर भिंतीवर एकवीस पितळी पाट्या आहेत. त्यातल्या वीस वाचायच्या तर मान वर-खाली करावी लागते, इतक्या लढाया आणि किताब त्यांच्यावर कोरलेले आहेत. एकविसावी उभ्या उभ्या वाचून होते. तीनच ओळी आहेत. ती माझ्या वडिलांची.

नवीन माणसं विचारतात, "मिस लेथब्रिज, एवढ्या मोठ्या जनरलची पाटी एवढीशी कशी?" पूर्वी मी त्यांना बसवून सगळं सांगायची. आता एक्याऐंशी वर्षं झाली. सांगताना अर्ध्यात दम लागतो, आणि ऐकणाऱ्याला त्यातलं कोणीच माहीत नसतं. म्हणून एकदा लिहून ठेवते.

१९०८ साल. पपांना हिंदुस्थानातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. इंग्लंडात, आमच्या चेल्टनमला तेव्हा आमच्यासारखी घरं गल्लोगल्ली होती. दिवाणखान्यात वाघाचं कातडं, जिन्याखाली न उघडलेल्या पेट्या, आणि शेकोटीशी शाल घेऊन बसलेला, यकृत बिघडलेला एक म्हातारा. या म्हाताऱ्यांची एक रीत होती. चर्चमधली आपली पाटी हयातीतच ठरवून ठेवायची. मागे राहिलेल्या बायका लढायांची सालं चुकवतात, असं त्यांचं ठाम मत होतं. समितीकडून भिंतीवर जागा मागून घ्यायची, मजकूर तयार करायचा आणि चहाला जमलं की एकमेकांना वाचून दाखवायचा. एकदा दोन कर्नल ‘शूर’ आणि ‘महाशूर’ यावरून असे भांडले की त्यांच्या बायकांचंही बोलणं बंद झालं. तेव्हापासून समितीनं नियमच केला होता: मजकूर ज्याचा त्याचा, आम्ही फक्त लांबी-रुंदी पाहणार.

हा नियम लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

पपांना जागा मिळाली ती एप्रिलमध्ये. पपा सांगत आणि मी लिहून घेई. मी तेव्हा एकतीस वर्षांची, बिनलग्नाची, अक्षर चांगलं, त्यामुळे घरातली सगळी लिखापढी माझ्याकडेच असे. पहिला मसुदा चौदा ओळींचा झाला. सतराव्या वर्षी मुंबईच्या पलटणीत दाखल. ॲबिसिनियाची मोहीम. अफगाण युद्ध. सरहद्दीवरची तोरासारची मोहीम, आणि तिच्यासाठी मिळालेलं पदक. मग बढत्या, मग ‘सर’ हा किताब.

"आणि अहमदनगरला तीन महिने तापानं पडला होतात, ते?" मी गमतीनं विचारलं.

"ते घालायचं तर निम्मी भिंत लागेल," पपा म्हणाले. "माझी निम्मी नोकरी अंथरुणातच गेली, नोरा. आणि बढती म्हणजे काय, तर पुढचा माणूस मेला. मी मेलो नाही, एवढंच माझं कर्तृत्व."

ममा खिडकीशी विणत बसली होती. शेवटची बढती मिळाल्यापासून ती पपांना घरातही ‘जनरल’ म्हणे. "जनरल, असलं काही पोरीला लिहायला सांगू नका. ती लिहील हं खरंच. आणि तोरासारच्या पुढं ‘विजेता’ हा शब्द घाला."

"कोणाला जिंकलं गं मी तिथं? अकरा गावं जाळली आणि परत आलो."

"मग? परत आलात ना? जॅस्पर आला का?"

जॅस्पर म्हणजे माझा मामा, ममाचा एकुलता एक धाकटा भाऊ. तो पपांच्याच पलटणीत होता. तोरासारहून फौज परतताना खिंडीत त्याला गोळी लागली. मी तेव्हा तीन वर्षांची, पुण्याला आयाच्या कडेवर. मला मामा आठवतो तो फक्त दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीमुळे. त्या पेटीत एक लाल निशाण घडी करून ठेवलेलं होतं. मामा पडला तेव्हा त्याच्यावर घालायला काही नव्हतं, म्हणून पपांनी काठीचं निशाण सोडून त्याच्यावर घातलं, आणि त्याच्याखालीच त्याला डोलीतून छावणीत आणलं. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ममा ती पेटी दाखवी. अठ्ठावीस वर्षं दाखवत होती. आमची स्वयंपाकीण हेस्टर म्हणायची, "बाईसाहेब आधी निशाण दाखवतात, मग केक कापतात. पाहुण्यांना केकपर्यंत भूकच राहत नाही."

मे महिन्यात मिस गारलँडची चिठ्ठी आली. गुरुवारी, ममाच्या भेटीच्या दिवशी, आलं तर चालेल का?

ते नाव वाचून पपांनी चष्मा काढला. तोरासारच्या मोहिमेचं नाव निघालं की आमच्या लोकांत एक वाक्य कोणीतरी म्हणेच, इतकं ते पाठ होतं. सरकारी खलित्यातलं वाक्य. ‘लेफ्टनंट गारलँड यांनी चौकी सोडण्यात अकारण विलंब केला.’ खिंडीवरच्या टेकडीची चौकी त्याच्याकडे होती. फौज खालून निघून गेली, हा खाली उतरलाच नाही, आणि बारा शिपायांसकट मारला गेला. तेवीस वर्षांचा होता. मिस गारलँड त्याची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी ती आमच्या गावात राहायला आली होती आणि पलीकडच्या गल्लीत मुलींना पियानो शिकवत होती. कोणी तिच्याकडे जात नसे. वाईट वागायचं म्हणून नाही. काय बोलायचं ते कळत नसे म्हणून.

ती आली. पंचावन्नची असेल, हातमोज्यांची बोटं रफू केलेली, पाठ ताठ. त्या दिवशी कर्नल ब्रँडरेथही आले होते. तोरासारला ते पपांचे सहायक होते आणि आता चर्चच्या समितीवर होते. जाडजूड, हसरे, हेस्टरच्या केकवर भारी जीव.

"सर ऑस्बर्ट, मी फार वेळ घेणार नाही," मिस गारलँड बसता बसता म्हणाली. "फिलिपसाठी वीतभर पाटी लावायची आहे. मी समितीला लिहिलं. समितीचं म्हणणं, खलित्यात त्यानं हुकूम मोडला असं आहे, त्यामुळे जागा देता येत नाही. पण तेव्हाच्या सेनापतींनी लेखी दिलं की तो कर्तव्य करताना गेला, तर विचार करू. तेवढं लेखी तुम्ही द्यावं, एवढंच मागायला आले."

ब्रँडरेथ खाकरले. "मिस गारलँड, जुन्या गोष्टी आहेत. तरुण माणूस होता. चुकतो माणूस."

"तो चुकला नाही."

"बरं, बरं. चहा घ्या."

बोलणं अडलं की ममा नेहमी जे करायची, तेच तिनं केलं. उठून पेटीपाशी गेली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट मला वाटतं, तिला त्या बिचारीला सांगायचं होतं की आमचाही माणूस गेलाय.

"हे पाहिलंत का? माझ्या भावाचं. सकाळी दहालाच गोळी लागली हो त्याला. जनरलनी स्वतःच्या हातानं काठीवरून सोडून त्याच्यावर घातलं. छावणीत पोचेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही."

मिस गारलँड पेटीजवळ गेली. बराच वेळ पाहत राहिली. मग कप मेजावर ठेवला. बशीत ठेवायचा तो मेजावरच ठेवला.

"हे पिछाडीचं निशाण आहे," ती म्हणाली. "लाल. फिलिपनं शेवटच्या पत्रात लिहिलं होतं. फौजेच्या अगदी शेवटच्या तुकडीबरोबर लाल निशाण असतं. ते खालून गेलेलं दिसलं की टेकडीवरच्यांनी उतरायचं. त्याआधी कोणी उतरला तर कोर्टमार्शल. कर्नल लेथब्रिजसाहेबांचा सक्त हुकूम आहे, असं लिहिलं होतं."

ती ममाकडे वळली.

"लेडी लेथब्रिज, छावणीपर्यंत काढलं नाही म्हणालात ना? मग त्या दिवशी निशाण काठीवर कोणतं होतं?"

"दुसरं असणारच," ब्रँडरेथ घाईनं म्हणाले. "नेहमी एक जादा असतं. काय हो, सर?"

पपा शेकोटीकडे बघत होते. मेमध्ये शेकोटी पेटवलेलीसुद्धा नव्हती. "दुसरं नव्हतं, ब्रँडरेथ," ते म्हणाले. "तुला माहीत आहे दुसरं नव्हतं."

मिस गारलँडनं हातमोजे चढवले. एक एक बोट नीट ओढून. "मी पाटीचंच मागायला आले होते," ती म्हणाली. "अजूनही तेवढंच मागते." आणि गेली. हेस्टर दारापर्यंत छत्री घेऊन धावली. मिस गारलँड ती विसरली होती.

त्यानंतर आमच्या घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडायला जोर लागतो, आणि दोघंही थकली होती. तीन-चार दिवस वाक्यं तुटक तुटक येत राहिली. न्याहारीला एक, जिन्यावर एक.

"तुम्हाला ठाऊक होतं?" ममानं विचारलं.

"छावणीत हजेरी झाली तेव्हा कळलं. तेरा कमी. मग काठी पाहिली."

"आणि खलिता?"

"ब्रँडरेथनं लिहिला. मला ताप होता. मी वाचला आणि सही केली." जरा थांबून ते म्हणाले, "ताप सही करण्याइतपतच होता."

दुसऱ्या दिवशी ममा म्हणाली, "तुम्ही लिहून दिलंत तर लोक काय म्हणतील? जॅस्परच्या अंगावरच्या पांघरुणापायी तेरा माणसं मेली. माझ्या भावाला साधं झाकलंत, ते पाप ठरवणार तुम्ही?"

"झाकलं ते पाप नव्हे. पाठीमागे माणसं आहेत हे विसरलो, ते."

"अठ्ठावीस वर्षं मी ते काचेत ठेवलंय, ऑस्बर्ट!"

तिनं त्यांना नावानं हाक मारलेली मी त्या वर्षात एवढी एकदाच ऐकली. ती वर गेली आणि जेवायला खाली आली नाही.

सोमवारी सकाळी पपांनी मला बोलावलं. समितीला पत्र. तीन वाक्यांत सगळं होतं: निशाण मी काढलं, उतरायचा इशारा दिलाच गेला नाही, लेफ्टनंट गारलँड माझ्या हुकमाप्रमाणे थांबला. पपा म्हणाले, "अक्षर नीट काढ. म्हाताऱ्यांना वाचायचंय." सही केली आणि स्वतः चालत जाऊन पत्र टाकून आले. परतल्यावर खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. चेहरा मात्र बरा दिसत होता, तापातून उठलेल्या माणसाचा दिसतो तसा.

उत्तर आठ दिवसांनी आलं, ते ब्रँडरेथ स्वतः घेऊन आले. पपांचं पत्रही त्याच पाकिटात परत घातलेलं.

"सर, समितीत सगळे आपलेच लोक आहेत," ते म्हणाले. "सगळ्यांना तुमच्याबद्दल आदर आहे. म्हणून कोणी हे पत्र दप्तरी घेतलं नाही. तुमची तब्येत..."

"माझी तब्येत खलित्यावर सही केली तेव्हा जास्त वाईट होती. तेव्हा कोणी परत पाठवला नाही."

"सर, त्या खलित्यात माझंही नाव आहे. कितीतरी जणांची पदकं आहेत. आता सत्तरीला आल्यावर ती उतरवून ठेवायची का आम्ही? कोणासाठी? पियानो शिकवणाऱ्या एका बाईसाठी?"

"तिच्यासाठीच," पपा म्हणाले. "दुसरं कोणी मागायला आलंच नाही."

ब्रँडरेथ टोपी फिरवत उभे राहिले. हेस्टरनं केक आणला होता, तो त्यांनी घेतला नाही. जाताना मला हळूच म्हणाले, "जरा सांभाळ त्यांना, नोरा. विषय बदलत जा." माणूस वाईट नव्हता. मला अजून त्याचा राग धरता येत नाही, आणि याचाच थकवा येतो.

ते गेल्यावर पपांनी चौदा ओळींचा मसुदा मागवला. पेन्सिल घेतली आणि रोज एक-दोन ओळी खोडू लागले. आधी किताब गेला. मग बढत्या. ॲबिसिनियापाशी जरा थांबले. "तिथं थंडी फार होती," म्हणाले आणि तीही ओळ खोडली. आठवड्याच्या शेवटी कागदावर फक्त तोरासार उरलं, आणि मग तेही गेलं.

मग त्यांनी शिपायांची नावं आठवायला सुरुवात केली. हवालदार येसू माने. बाळू शिर्के. एक धोंडू होता, त्याचं आडनाव सुटलं. चौथा गाणं म्हणायचा. गाणं आठवलं, नाव नाही. पलटणीला पत्र लिहिलं, तर तेव्हाचा हजेरीपट सापडत नाही असं उत्तर आलं. "चार घालू का?" मी विचारलं. "चार घातली म्हणजे आठ गाळली," पपा म्हणाले. "एकदा गाळून झालंय माझं. बारा लिही. खोटं तरी नाही."

पितळेवर कोरायला मजकूर दिला तो असा:

‘लेफ्टनंट फिलिप गारलँड आणि बारा शिपाई
हुकमाप्रमाणे निशाणाची वाट पाहत थांबले.
निशाण मी दाखवलं नाही. ऑ. ले.’

समितीची अडचण झाली. जागा जनरल लेथब्रिजना दिलेली. मजकूर ज्याचा त्याचा, हा त्यांचाच नियम. त्यांनी लांबी मोजली, रुंदी मोजली. दोन्ही बरोबर होत्या. ऑगस्टमध्ये पाटी लागली. ती लावताना पाद्री, कोरणारा कारागीर, पपा, मी आणि मिस गारलँड, एवढेच होतो. ममा आली नाही.

मिस गारलँडनं पाटी वाचली. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. ती पपांना म्हणाली, "तुमचं नाव राहिलं, सर ऑस्बर्ट."

"आहे की कोपऱ्यात."

"तुमच्या स्वतःच्या पाटीचं काय मग?"

"हीच," पपा म्हणाले. "दुसरी जागा समिती आता देणार नाही मला." आणि हसले. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच हसताना त्यांना खोकला आला नाही.

नंतर आमच्याकडे लोक येईनासे झाले. दारातल्या तबकात भेटीची कार्डं पडायची, ती कमी होत होत थांबली. ममा गुरुवारी सवयीनं बसायची, हेस्टर केक करायची, आणि शुक्रवारी तोच केक आम्ही चौघं खायचो. पपांबरोबर ममा बोलायची ती फक्त हवेबद्दल आणि औषधाबद्दल. चर्चमध्ये तिनं जागा बदलली. दक्षिणेकडच्या बाकावर, उत्तर भिंतीकडे पाठ येईल अशी बसू लागली. काचेची पेटी होती तिथंच होती. पण ती कोणाला दाखवायची वेळ येत नव्हती. पपा दुपारभर झोपत. "फार झोपतो मी," असं म्हणत आणि पुन्हा झोपत. मिस गारलँड महिन्यातून एकदा यायची. ती आणि पपा बागेत बसत. फिलिपबद्दल बोलत नसत, मी ऐकलंय. गुलाबावरच्या किडीबद्दल बोलत.

पपा १९१० च्या नोव्हेंबरात गेले. झोपेतच. अंत्यविधीला मात्र सगळे आले, ब्रँडरेथसुद्धा, पदकं लावून. मेलेल्या माणसाबरोबर कोणाचं वैर नसतं. शवपेटीवर देशाचा झेंडा, त्यावर पपांची तलवार, रीतसर.

त्या सकाळी ममानं मला दिवाणखान्यात बोलावलं होतं. "पेटीची किल्ली तुझ्याकडे आहे ना? उघड." मी उघडली. निशाण बाहेर काढताना तिचे हात अगदी सावकाश चालत होते. घडी मोडू न देता तिनं ते जुन्या उशीच्या खोळीत गुंडाळलं आणि काखेत धरलं. मला वाटलं, पपांबरोबर ठेवायचं असेल.

प्रार्थना झाली. सगळे बाहेर निघाले. ममा कडेच्या वाटेनं मागे चालत गेली, शेवटच्या बाकापाशी, जिथं मिस गारलँड बसलेली होती. जाताना ती उत्तर भिंतीसमोरून गेली. क्षणभर थांबली. वाचलं की नाही मला सांगता येणार नाही. तिची नजर तेव्हा अधू झाली होती.

तिनं ते गाठोडं मिस गारलँडच्या मांडीवर ठेवलं.

"कसर लागते याला," ममा म्हणाली. "डांबराच्या गोळ्या घालत जा. वर्षातून दोनदा बदलायच्या."

मिस गारलँडनं गाठोड्यावर हात ठेवला. "बदलीन," ती म्हणाली.

त्यानंतर त्या दोघी एकमेकींकडे कधी गेल्या नाहीत. चर्चमध्ये मान हलवायच्या, एवढंच. ममा चार वर्षांनी गेली. मिस गारलँड बरीच जगली. तिनं ते निशाण मृत्युपत्रात माझ्या नावे ठेवलं, उशीच्या त्याच खोळीसकट. आता ते माझ्या कपाटाच्या खालच्या खणात आहे. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये मी गोळ्या बदलते. वाकायला हल्ली फार त्रास होतो. मधली एक घडी विरत आलीय, तिथं आता बोट आरपार जातं.